मध्यंतरापर्यंतची आई

सोमवार

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझा पहिला सिनेमा या शुक्रवारी लागतो आहे आणि तो आपल्याच थेटरात लागतो आहे, हे वितरकाने तुला माझ्याआधी कळवलं असेलच. त्याच दिवशी आणखी तीन नवे येताहेत: एक हाणामारीचा, एक भुताचा आणि एक कुत्र्याचा. पहिले दोन समोरच्या थेटरवाल्याने पळवले असं ऐकतो. म्हणजे तुझ्या वाट्याला कुत्रा आणि मी. वरचं छोटं सभागृह दिलंस तरी चालेल, पण सख्ख्या भावाला कुत्र्याच्या मागे ढकलू नकोस. खेळ संध्याकाळचा दे.

दुसरी गोष्ट आईची. रविवारी तिला घेऊन जा आणि शेवटपर्यंत बसव. गोष्ट आपल्या घरची आहे हे तुला पहिल्या रिळातच कळेल. ताईने बाबांच्या हाताखालच्या ऑपरेटरशी लग्न केलं, बाबा गेले तेव्हा ती दाराशी आली आणि आईने आतून कडी लावली, हे सगळं मध्यंतरापर्यंत. पुढचा भाग मी मनचा रचला आहे. त्यात म्हातारी उठते आणि कडी काढते. त्या एका दृश्यासाठी मी इतकी वर्षं लोकांचे उंबरठे झिजवले. ताईला ते दाखवलं. ती म्हणाली, हे बघून आईने चांगला एक शब्द जरी काढला, तरी मी येते.

तेव्हा एवढं कर. वहिनीला नमस्कार. लोभ असो वा नसो, संध्याकाळचा खेळ असावा, ही विनंती.

तुझा,
धाकटा

शनिवार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळ कुत्र्याला दिली. रागावू नकोस. तो पोस्टरवर नुसता जीभ काढून बसला तर खिडकीवर रांग लागली, आणि तू पोस्टरवर काय लावलंस, तर बंद दार. बंद दार बघायला लोक घर सोडून कशाला येतील? तुला वरच्या सभागृहात सकाळचा खेळ दिला, तोही पाठचा भाऊ म्हणून.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. बाबांसारखा मी दाराशी उभा राहून माणसांचे चेहरे वाचत नाही. मध्यंतर संपून दिवे गेले की मागून आत शिरतो आणि खुर्च्या बघतो. मध्यंतरानंतर जी खुर्ची रिकामी, तिचा निकाल खरा. काल मुळात मूठभर लोक. त्यातल्या मागच्या रांगेतल्या दोन खुर्च्या सुटल्या, पुढच्याही बऱ्याच सुटल्या. उरलेल्यांत एकजण घोरत होता आणि एक जोडपं काही तुझ्या सिनेमासाठी आलेलं नव्हतं. तुझा शेवट मी एकट्यानेच पाहिला म्हण ना. बरा आहे. पण आपली आई आणि कडी काढणार? त्यापेक्षा भुताचा सिनेमा काढला असतास तर लोकांना जास्त पटला असता.

आजच तुझ्या रिळांचे डबे वितरकाला परत पाठवले. आई रोज विचारते, रविवारी नेणार ना. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, पडद्यावरची नावं काही तिला वाचता येत नाहीत. उद्या तिला कुत्र्याच्या खेळाला बसवतो आणि सांगतो, हाच तुझ्या लेकाचा. भरलेलं थेटर, टाळ्या, शिट्ट्या. म्हातारी खूश होऊन घरी येईल. तू मात्र तोंड शिवून बस. ताईलाही आत्ताच लिहून टाकतो, की आई शेवटपर्यंत बसली आणि लेकाने नाव काढलं म्हणत बाहेर पडली. ताई काही यायची नाही, इतकी वर्षं कुठे आली? पण तुझी अब्रू राहील.

आशीर्वाद लागतील तेवढे घे, प्रेक्षक मात्र माझ्याकडे मागू नकोस.

दादा

सोमवार

चि. धाकट्यास,
आईचे आशीर्वाद.

डोळे दगा देतात म्हणून सूनबाईकडून लिहवते आहे. काल दादाने तुझा सिनेमा दाखवला. थेटरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तुझा कुत्रा फार गुणी. तो पुलावरून धन्यामागे उडी मारतो तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात घट्ट धरला. लेकाने नाव काढलं हो.

इथपर्यंत दादा समोर बसला होता. आता तो संध्याकाळच्या खेळाला गेला, म्हणून पुढचं लिहवते. सूनबाई त्याला सांगणार नाही. तिचंही काही माझ्या पोटात आहे.

मी तुझा सिनेमा शुक्रवारीच पाहिला. रविवारपर्यंत दम निघेना. दादा गल्ल्यावर होता. बाबांच्या वेळच्या जुन्या दारवानाने आम्हा दोघींना मागच्या जिन्याने वर सोडलं, शेवटच्या रांगेत बसवलं. मला दिसत कमी असेल, कान शाबूत आहेत. ती बाई माझ्यासारखी खोकते, माझ्यासारखी पाय ओढते. बाहेरून पोरगी हाका मारते आणि ही आत उभी. मग कडी. कडीचा आवाज अगदी आपल्या घरचा आहे, तो कुठून आणलास?

मध्यंतराचे दिवे लागले तसं मी सूनबाईला म्हटलं, चल. ती म्हणत होती, पुढे काहीतरी असेल, बसू या. मी म्हटलं, पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे, मी त्या घरात होते.

पोटच्या पोराने बापाच्या थेटरात आईला चव्हाट्यावर मांडावं, आणि वर तिकीट लावावं. दादाची लबाडी मी काल मुकाट्याने गोड मानून घेतली. अंधारात बसून मनात येत होतं, त्या कुत्रावाल्याची आई किती सुखी असेल.

पुढच्या अर्ध्यात तू काय दाखवलंस ते मला कळवू नकोस. तुझ्या बहिणीलाही सांग, दार होतं तिथेच आहे आणि कडीही. त्या वेळी माझा हात थरथरला होता, रात्रभर झोप नव्हती. शुक्रवारी सगळ्यांदेखत ते बघितलं आणि मेली थरथर गेली. आता ती आली तर सहज लावीन.

जेवणखाण वेळेवर कर. माया आटत नाही म्हणून तर एवढं लिहवलं.

तुझी आई

मंगळवार

चि. धाकट्यास,
ताईचे खूप खूप आशीर्वाद.

आज दादाचं पत्र आलं. लग्नानंतरचं त्याचं पहिलं. आई शेवटपर्यंत बसली आणि लेकाने नाव काढलं म्हणत बाहेर पडली, असं लिहितो. मी ते ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. हे म्हणाले, तुझ्या दादाच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा? मी म्हटलं, दादा जन्मभर मला टोचून बोलला, पण तोंडदेखलं गोड तो कधी बोलला नाही. तो गोड लिहितो म्हणजे खरंच असणार.

तुला विचारून मग निघावं असं वाटलं होतं, पण जीव थाऱ्यावर नाही. तुझ्या सिनेमातली म्हातारी कडी काढताना एका हाताने भिंत धरते ना, आईही तशीच धरेल का, सारखं तेच डोळ्यांपुढे येतं. तिच्यासाठी मऊ चपला घेतल्यात. माप आठवणीतलं आहे, पाय आता सुजत असतील तर बदलून आणीन.

उद्या पहाटेच्या गाडीने निघते, संध्याकाळी पोचेन. दादाला मुद्दाम कळवलं नाही. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मी दार वाजवत असेन.

लोभाचं काय लिहू, तो तूच मला परत मिळवून दिलास.

तुझी,
ताई