वन्संचं वेगळं वरण

सेलू,
मंगळवार, दि. ९ डिसेंबर १९७५

चि. सौ. कुसुम,

तुला आठवतं का, दुष्काळाच्या वर्षी आपण दोघी दुपारी ओसरीवर बसून काड्यापेटीतल्या काड्या चिरायचो? तुझ्या मामांचं दाढीचं जुनं ब्लेड घ्यायचं, काडी पाटावर धरायची आणि गुलासकट उभी चिरायची. एका काडीच्या दोन. तुझा हात माझ्याहून हलका होता, तुझं गूल कधी फुटलं नाही. तुझी आई समोर उकिडवी बसून खाली पडलेल्या अर्ध्या काड्या वेचायची. एकदा म्हणाली, "वहिनी, आता लेकरं बी उभी चिरा. निम्म्यातच जेवतील." आपण तिघी केवढ्या हसलो होतो! तुला उचकी लागली होती.

तुझं पत्र परवा मिळालं. सहावा महिना लागला हे वाचून तुझे मामा दोनदा म्हणाले, "चतुराला नातू होणार." त्यांचा खोकला बरा आहे. जिनिंगचा हंगाम चालू आहे, घरभर कापसाची धूळ उडते. तू माझी पत्रं आईला मोठ्यानं वाचून दाखवतेस, ते मला आवडतं. पण हे पत्र आधी एकटीनं वाच. आणि चुलीवर लाखाची डाळ असेल तर पातेलं खाली उतरव. आजपासून ती डाळ तुमच्या घरात नको. कारण लिहिते. मला जरा वेळ दे.

आधी तू जे विचारलंस त्याचं उत्तर. बन्सीधररावांच्या मास्तरकीच्या पगारात भागत नाही, त्या वर्षी आठ माणसांचं कसं भागवलंत, असं तू लिहिलं आहेस. वरणाला एक उकळी आली की पातेलं जाळावरून काढ, जुन्या गोधडीत गुंडाळ आणि खोक्यात कापूस भरून त्यात झाकून ठेव. तासाभरात आपोआप शिजतं, निम्मं सरपण वाचतं. साबणाचे उरलेले तुकडे ओल्या फडक्यात दाबून त्यांची नवी वडी होते. लुगडं मधे विरलं की मधोमध फाडायचं आणि दोन्ही काठ मधे घेऊन शिवायचं, आणखी वर्षभर जातं. स्टोव्हच्या वाती दर आठ दिवसांनी सारख्या काप, रॉकेल कमी लागतं. तव्यावर तेल ओतू नकोस, कांद्याच्या फोडीनं पुस.

हे सगळं मी सासरी आल्यावर शिकले नाही. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात जेवण झालं की सिस्टर अगाथा आम्हाला टेबलावरचे पावाचे कण ओल्या बोटानं टिपून खायला लावायच्या. वाया घालवणं हे पाप, असं रोज ऐकलं. दुसरी पापं कुठली, ते मात्र मी नीट ऐकलं नसावं.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य. "मामी, तुमच्यासारखीच मीही दोन पातेली करते. ह्यांना तुरीचं वरण, मला आणि आईला लाखाचं. महिना झाला, किती पैसे वाचले! आई म्हणते, वहिनीच्या हाताखाली शिकलीस ते कामी आलं."

हे वाक्य वाचून मी पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं. दोन दिवस तिथेच होतं.

घरात वेगळं पातेलं पहिल्यापासून होतं, हे तुला ठाऊक आहे. तुझे वडील गेले, वन्सं तुला घेऊन आमच्याकडे आल्या आणि त्यांनी कांदा-लसूण सोडला. म्हणून त्यांचं वरण छोट्या पितळी पातेलीत, बिनफोडणीचं. त्या पातेलीत काय शिजतं ते दुसरं कुणी बघत नव्हतं. दुष्काळाच्या वर्षी दिवाळीनंतर तुरीचा भाव चढला, तेव्हा वालूरची सुलाबाई टोपलीत लाखाची डाळ घेऊन आली. तुरीच्या निम्म्या भावात. मी अख्खं पोतं मागवलं. वन्संच्या भाकरीच्या पिठातही लाखाचं पीठ मिसळू लागले. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय वहिनी, पोट भरल्याशी मतलब. तुमी लेकरांचं बघा."

सुलाबाईनं मला सांगितलं होतं. पोतं उतरवताना म्हणाली, "बाईसाब, रोज खाऊ नगा. आमी चार-आठ दिसातून एकदा खातो, ते बी उकळून वरलं पानी फेकून देतो. न्हाई तर पाय जातेत."

मी म्हणाले, "पाण्याच्या घागरीसाठी इथं बाया डोकी फोडतायत आणि तू पाणी फेकायला सांगतेस?"

"लय वंगाळ असतंय ते पानी, बाईसाब."

मी हसले. शिकलेली होते ना. असल्या समजुतींना सिस्टर अडाणीपणा म्हणायच्या, तेच मी मनात म्हणाले. आणि ते पाणी एक थेंबही फेकलं नाही. त्याच पाण्यात वन्संचं वरण घोटलं, उरलं त्यात त्यांची भाकरी मळली.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. हे पत्र इथपर्यंतच लिहायचं, असं मी काल ठरवलं होतं.

संक्रांतीनंतर वन्संना उकिडवं बसून उठता येईना. मग त्या चवड्यांवर चालू लागल्या, पाय एकमेकांत अडकायचे. तुला आठवत असेल, तू त्यांची नक्कल केलीस तेव्हा त्याही हसल्या होत्या. मी तुझ्यादेखत म्हणाले होते, "बसून खाल्ल्यावर पाय जड होणारच." त्या म्हणाल्या, "खरं हाय वहिनी," आणि भिंतीला धरून भांडी घासायला गेल्या.

उन्हाळ्यात तुझ्या मामांनी हट्ट धरला म्हणून मी त्यांना आगगाडीनं जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई केरळच्या, त्यांना मराठी येत नव्हतं. मला इंग्रजी येतं म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. त्या विचारायच्या, मी वन्संना मराठीत सांगायची, वन्संचं उत्तर त्यांना इंग्रजीत. गुडघ्यावर हातोडी मारून बघितल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "एक डाळ आहे, तिनं असं होतं. गेलेलं परत येत नाही, पण खाणं थांबवलं तर तिथंच थांबतं. या बाई कुठली डाळ खातात, नीट विचारा."

मी वन्संना विचारलं. त्या मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "माझं वरण वेगळं असतंय म्हणावं. लाखाचं. वहिनी स्वतः करतेत."

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "तूर. आम्ही सगळे खातो तीच."

कुसुम, का, ते मी अडीच वर्षं शोधते आहे. मामांना कळेल म्हणून? लोक म्हणतील म्हणून? त्या खोलीत तीच एक बाई होती जी मला स्वतःच्या बरोबरीची समजत होती, तिच्यासमोर मला लाज वाटली. एवढंच मोठं कारण सापडतं. बाईंनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "काय म्हनल्या डाक्टरीण?" मी म्हणाले, "वाताचं आहे. चालत राहा म्हणाल्या." म्हणून त्या रोज सकाळी काठी टेकत नळापर्यंत जायच्या. पडायच्या आणि परत जायच्या. गोळ्या मात्र मी पूर्ण महिना दिल्या, एकही चुकवली नाही.

आणखी एक राहिलं. ते लिहिल्याशिवाय हे पत्र खोटं ठरेल.

जालन्याहून आलो तेव्हा पोत्यात पाचसहा पायली लाख उरली होती. फेकायला गेले आणि परत आणून ठेवली. एवढी डाळ उकिरड्यावर कशी टाकायची? पाय गेलेच आहेत, आता आणखी काय जाणार, असं मी मनाशी म्हणाले. बाई 'तिथंच थांबतं' म्हणाल्या होत्या, ते मला ऐकू आलं होतं. तरी पोतं संपेपर्यंत, ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत, मी तेच वरण त्यांना वाढलं. जालन्याला गेल्या तेव्हा त्या काठीवर चालत होत्या. श्रावणात बुडावर सरकू लागल्या.

तुझं लग्न ठरवताना बन्सीधररावांना मी घातलेली अट आठवते ना, सासू सोबत न्यावी लागेल? सगळे म्हणाले, मामीला नणंदेची किती काळजी. मला त्यांचं ते सरकणं ऐकवत नव्हतं.

आणि लग्नात तुझ्या हातात घातलेल्या पाटल्या. मामीनं पोटाला चिमटा घेऊन केल्या, असं अजून म्हणतात. चिमटा घेतला होता, पण माझ्या पोटाला नाही.

लाख खाऊन तुझा एकच महिना झाला आहे आणि पोटात बाळ आहे. उद्या सकाळी उठून टाचा पुऱ्या टेकवून चालून बघ. पोटऱ्या ओढल्यासारख्या वाटल्या तर परभणीला दवाखान्यात जा आणि डाळीचं नाव स्वतःच्या तोंडानं सांग. बरोबर कुणाला बोलायला नेऊ नकोस. घरातली लाख खड्डा करून पुर. बैलांना नको, भिकाऱ्यालाही नको.

टपालाला चार दिवस लागतील, म्हणून हे भगवानरावांच्या हाती देते आहे. मामांच्या जिनिंगमधलेच आहेत, उद्या लग्नाला तुमच्या बोरीला जायचेत. त्यांच्याबरोबर काय पाठवलं आहे आणि ते कुणाचं, ते लिहिते.

फलाटीनच्या ऊबदार कापडाचे चार तुकडे बाळाचे. हाताचं शिवणयंत्र तुझं. त्याला तेल दिलं आहे, सुई नवी आहे. आखूड पायांची खुर्ची बन्सीधररावांना दे आणि तिला चाकं लावून घ्यायला सांग. ती वन्संसाठी आहे. हे मला दोन वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं. तुझ्या हातातल्या त्या पाटल्या तुझ्या नाहीत, वन्संच्या आहेत. त्या ठेवतील, मोडतील किंवा विहिरीत टाकतील, तू मधे बोलू नकोस. छोटी पितळी पातेली पाठवत नाही. ती माझी आहे. परवापासून माझं वरण तिच्यातच शिजतं. तूरच असते.

मोठ्या डब्यात तुरीची डाळ आहे. ती वन्संची, आणि त्यांनी दिली तर तुझी.

आणि हे पत्रही वन्संचं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून तू वाचून दाखवायचं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता. त्यांच्यासाठी मधे सोपं करून सांगू नकोस. ते मी एकदा केलं आहे. आणि डबा उघडण्याआधी वाच. आधी उघडलास तर त्या म्हणतील, वहिनीनं आठवणीनं धाडली बघ, आणि कौतुकानं खातील. ते आता होता कामा नये.

भगवानराव रविवारी परत येतात. रिकामा डबा परत पाठवायची आपल्याकडे रीत नाही, त्यात काहीतरी घालूनच पाठवतात. वन्संना डाळ नको असेल तर तीच, न उघडलेली, परत येऊ दे. मी डबा हातात घेऊन बघेन. वजनावरून कळेल.

आशीर्वाद लिहिला नाही. तो द्यायचा की नाही, ते तुझ्या आईकडे आहे.

कमल