धवल्यातलं नाव

चौक, ता. खालापूर
१८ एप्रिल २०२५

हर्षला बाळा,

तुझ्या लग्नाची पत्रिका फोनवर आली, ढोल वाजवत. छान आहे. दादा-वहिनीला सांग, इकडे सगळे बरे आहोत. ऊन मात्र सोसवत नाही.

तू म्हणालीस, 'आते, हळदीला समोर बसून धवला गा, व्हिडिओ काढू.' त्याचं उत्तर फोनवर दिलं नाही. माझा आवाज एकदा तुमच्या हाती गेला की कुठं कुठं वाजतो ते मी पाहिलंय. म्हणून लिहिते. सातवीच शिकलेय, चुका सांभाळून घे.

माझ्या लेकीच्या, सोनालीच्या हळदीला मी गायलेला धवला तू फोनमध्ये भरून घेतलास आणि युट्यूबवर टाकलास. चांगल्या मनानंच टाकलास. 'आते, तुझा आवाज आता मरायचा नाय,' म्हणालीस. वर्षभरात सोनाली बाळंतपणात गेली. तिचे दिवस झाल्यावर मी तुला म्हटलं, ते काढून टाक. तू म्हणालीस, 'एवढ्या लोकांनी ऐकलंय, आता कसं काढू?'

गाणं गावोगाव वाजत राहिलं आणि मला बोलावणी येईनाशी झाली. धवला गाणाऱ्या धवलारणीला न्यायला रिक्षा पाठवावी लागते, साडी नेसवावी लागते, मान द्यावा लागतो. फोनला काय लागतं?

मध्यंतरी शेलूला नात्यातल्या ऋतिकाच्या हळदीला गेले होते, पाहुणी म्हणून. तिथं तेच लावलं. माझ्याएवढा उंच स्पीकर. माझाच आवाज म्हणत होता, सोनालीचा चुडा अखंड राहू दे, आणि पोरी हात वर करून नाचत होत्या. हळद लागत होती ऋतिकाला. नाव चुकतंय याचं कुणाला काही नव्हतं.

मी उठून स्पीकरवाल्याला म्हणाले, "बंद कर रं. नवरीचं नाव येगळं हाय."

"आजी, हीच ओरिजनल हाय. सगळीकडं हीच चालते."

त्यातली गाणारी बाई मीच, हे मी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

ऋतिकाच्या आईनं मात्र माझा आवाज ओळखला. हात धरून आत नेलं. "माज्या पोरीच्या नावानं एकदा म्हना. त्या मशीनला तिचं नाव कुटं ठावं?"

हर्षला, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, अजून आपली गरज हाय. भांड्यांच्या राशीजवळ बसून सुरू केलं. देव बोलावले, कुळ बोलावलं. नवरीच्या नावाशी आले आणि तोंडून निघालं, सोनाली.

लगेच सुधारलं. पण त्या माऊलीचा चेहरा पडला होता. सोनाली कोण, कशी गेली, तिला माहीत होतं. मुठीत मीठ-मिरची घेऊन लेकीची दृष्ट काढायला गेली. मी कुणाला न सांगता निघाले.

तेव्हापासून गायले नाही. तुझ्याकडेही गाणार नाही. हळदीला येणारच नाही. दादाला काय सांगायचं ते तू बघ. पण मशीन लावू नकोस. दहिवलीची बायजा अजून गाते. तिच्या घरी जाऊन बोलाव, साडी नेसव आणि ती गात असेल तेवढा वेळ फोन बाजूला ठेव.

ते गाणं काढून टाक, असं पुन्हा एकदा लिहायला बसले होते. हात चालत नाही. त्या गाण्यात मध्ये एका जागी मी अडखळते आणि मागं कुणीतरी हसतं. ती सोनाली आहे. दुपारी घरात कुणी नसलं की मी तेवढंच लावते.

सुखानं नांद. तोंडानं नाव न घेता आशीर्वाद देते.

तुझी आते