पेलेट हीटरमधल्या अक्षता

आई, घरात नवी शेगडी बसवली आणि ती काही केल्या पेटती राहीना. तुलाच सांगतेय, कारण शेगडी या विषयावर मी तुझ्याशिवाय कुणाशी कधी बोललेच नाही. इथे तिला पेलेट हीटर म्हणतात. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या पिशव्यांतून येतात. त्या वरच्या डब्यात ओतायच्या, आतला स्क्रू फिरत फिरत त्या खालच्या लोखंडी भांड्यात टाकतो, आणि भांड्याच्या बुडाला असलेल्या भोकांतून पंखा हवा देतो. विजेवर चालणारी भुशाची शेगडीच म्हण ना. तू वखारीतून भुसा आणायचीस, मधोमध बाटली उभी धरून चहूबाजूंनी ठासायचीस. अजून डोळ्यांसमोर आहे, तू ती बाटली हलकेच फिरवत बाहेर काढते आहेस, आणि आम्ही भावंडं श्वास रोखून उभी आहोत, कारण भुसा ढासळला तर चहा नाही. एकदा मी ओरडले, "आई, शेगडी विझली!" तू केवढे डोळे वटारलेस. "विझली म्हणू नये. शांत झाली म्हणावं." तुझ्या घरात बांगडी फुटायची नाही, वाढायची. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. ही भाषा मी इथे ऑस्ट्रेलियात, वेरिबीपर्यंत घेऊन आले आणि इतकी वर्षं मला तिची अडचण कधी झाली नाही.

तुझा जावई आता उठत नाही, आई. डॉक्टरांनी पुढचे उपचार थांबवले आणि तो म्हणाला, मग घरीच बरं. हॉलमध्ये त्याचा पलंग लावलाय, वरखाली होणारा. त्याला सारखी थंडी वाजते. एसीचा गरम वारासुद्धा अंगाला झोंबतो म्हणतो. म्हणून मी हा हीटर घेतला, त्याच्या पलंगासमोर, काचेतून जाळ दिसेल असा. सगळ्यांनी वेड्यात काढलं. आता या वेळी हे कशाला, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण मला ऐकू येत होतंच.

पहिल्या दिवशी मी तू करायचीस तसंच केलं. हीटरला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि झाकण उघडून आतल्या गोळ्यांवर अक्षता टाकल्या, तुपात कालवलेल्या. छान पेटला. तो पलंगावरून हसला, म्हणाला, "चालू झाला का तुझा बंब?" दोन दिवसांनी जाळ मळकट नारिंगी व्हायला लागला, काच काळी पडली आणि थोड्या वेळाने सगळं गार. पुन्हा पेटवला, पुन्हा तेच. मी मॅन्युअल वाचलं, काच पुसली, राख काढली, दाराची पट्टी तपासली, गोळ्या ओल्या असतील म्हणून दुसऱ्या आणल्या. आणि दर वेळी पेटवण्याआधी हात जोडून चिमूटभर अक्षता. जितका तो बिघडे, तितक्या मी जास्त टाकी.

शेवटी बसवून गेलेल्या माणसाला फोन केला. फोन स्पीकरवर होता, कारण माझे हात काजळीने भरले होते. "सो इट जस्ट डाइज ऑन यू?" त्याने विचारलं. मी म्हणाले, नो, नो, आणि पुढे शब्दच सुचेना. इट बिकम्स शांत, असं काहीतरी मी पुटपुटले. "सॉरी, बिकम्स व्हॉट?" पलंगावरून आवाज आला, "अगं, विझतो म्हण त्याला. मला चालतं." मी त्याच्याकडे बघितलंच नाही. माणसांनाही शांत झाले म्हणतात, आई, हे मला तेव्हा आठवलं, हातात ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसलेली असताना. मग मी फोनमध्ये स्पष्ट सांगितलं, येस, इट डाइज. तो म्हणाला, "नो वरीज. खालचं भांडं पूर्ण बाहेर काढ आणि त्याची भोकं बघ."

भांडं लेकीने काढलं. ती आता कामावरून सुट्टी घेऊन इथेच राहते. उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "मम, इज दॅट राइस? आर यू सीरियस?" भात करपून पातेल्याच्या बुडाला धरावा तसा काळा थर, आणि जवळजवळ प्रत्येक भोकात एकेक दाणा घट्ट बसलेला. मी सांगितलं, पूजेच्या अक्षता आहेत. तिला हसू आवरेना, मग तिला रडू आलं, आणि पलंगावर तोही हसत होता, खोकला येईपर्यंत. त्यानंतर तो तसा हसलेला नाही. आम्ही खिळ्याने एकेक भोक मोकळं केलं. तेव्हापासून हीटर सुरळीत चालतोय, जाळ पिवळाधमक आहे, हॉलमध्ये स्वेटर घालवत नाही.

आणि त्याचे पाय तरीही गारच आहेत. घरी येणारी नर्स म्हणाली की आता ते गारच राहणार, पांघरुणं वाढवू नका, त्याला जड होतात. फार मायेने बोलली. मी मान हलवली आणि तिला चहा हवाय का विचारलं. तो आता बराच वेळ झोपलेला असतो. जागा असला की जाळाकडे नाही, मी जिथे असेन तिथे बघतो.

हे मी फोनवर टाइप करतेय, तुला आता पाठवणार कुठे, इथेच राहील. तुला एक सांगायचं होतं. आज दुपारी मी हीटर बंद केला, गार होऊ दिला, भांडं बाहेर काढलं. ते स्वच्छ होतं. कालही स्वच्छच होतं. तरी मी त्याच्या पलंगाकडे पाठ करून खिळ्याने ती भोकं कोरत बसले, कारण भांडं परत बसवलं की मला त्याच्याजवळ जाऊन बसावं लागतं.