उल्हासवर कोणी नेम धरेना

प्रिय संध्या,

तुझ्या गुडघ्यांना, भाऊजींच्या साखरेला आणि अंगणातल्या सोनचाफ्याला माझा नमस्कार. (शाळेत तू बॉल मारलेलं माझं नाक अजून थंडीत दुखतं, त्यामुळे तुझी आठवण नेमाने येते.) आम्ही दोघं ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर मला बसलेला धक्का अजून उतरलेला नाही. फोनच केला असता, पण उल्हास शेजारच्या खोलीत शिंकतो आहे आणि त्याचे कान तिखट आहेत.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायपास झाली, तेव्हापासून मी त्याला जपते. बर्फ उपसायचं नाही, जिना दिवसातून एकदा, तूप चमच्याच्या टोकाएवढं. (तो हल्ली हसत नाही, हे मला दिसत होतं. पण आधी माणूस राहू दे, मग हसेल, अशी मी मनाची समजूत घातली होती.) दर मंगळवारी तो लायब्ररीत व्याख्यानाला जायचा. परत आला की कपड्यांना डिझेलचा वास. चाळीस वर्षांत त्याने कधी थाप मारली नव्हती, म्हणून मी विचारलं नाही.

आमचं गाव पार्सिपनीला लागून, पण लहान. इथे आग विझवायला पगारी माणसं नाहीत. गावातलेच लोक आपापलं काम टाकून बंबावर धावतात, आणि या अग्निशमन दलाच्या खर्चासाठी दर जूनला जत्रा भरवतात. मी दर वर्षी शंकरपाळ्यांचे डबे देते (रिकाम्या हाताने कुठे जाऊ नये, हे आपल्या शाळेतल्या सिस्टर फिलोमिनांचं). या शनिवारी गेले, तर मैदानाच्या मधोमध काचेची टाकी. टाकीत पाणी, वर एक पाट, आणि पाटावर दलाचा टी-शर्ट घालून पाय सोडून बसलेला उल्हास. बाजूला तांबडी चकती. चेंडू तिच्यावर बसला की पाट निसटतो आणि माणूस पाण्यात. लोक यासाठी तिकीट काढतात, संध्या. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला पाण्यात पाडायला.

"नीलू, तू घरी जा," तो वरून म्हणाला. "मी आगीत जात नाही गं, रस्त्यावर गाड्या अडवतो फक्त. नव्या माणसाने इथे बसायचं असतं."

"नवा कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. मंगळवारची व्याख्यानं इथेच असतात."

मी दलाच्या चीफना गाठलं (एरवी ते आमचे प्लंबर). म्हटलं, सहाला याची गोळी असते, खाली उतरवा. ते नम्रपणे म्हणाले, पडल्याशिवाय उतरायचं नाही, असा नियम आहे. (डॉक्टरांचं परवानगीचं पत्रही दलाकडे होतं. मलाच काय ते ठाऊक नव्हतं.) आणि पडेल कसा? रांगेत उल्हासला बघून जमलेली सगळी आपल्या मराठी मंडळातली मुलं. मोठ्यांना चुकून पाय लागला तरी नमस्कार करायचा, हे आम्हीच त्यांना शिकवलेलं. सावनी चेंडू हातात घेऊन रडकुंडीला आली. "आय कान्ट, बाबा. दॅट्स उल्हासकाका." तिचा बाप ऋषी म्हणाला, "टाक गं, पण जरा बाजूला." वीरने तर आधी टाकीला वाकून नमस्कार केला आणि चेंडू सरबताच्या टेबलावर मारला. सव्वा तास हे चाललं. सहा वाजून गेले.

शेवटी मी पर्स ऋषीकडे दिली. कोपर वर, नजर समोर, मनातल्या मनात उल्हासची क्षमा मागितली आणि पहिलाच चेंडू चकतीवर. चाळीस वर्षांचा संसार जिथे बसला होता, तिथे नुसता पाट लोंबत होता. मग तो वर आला, चष्मा हातात धरून, आणि इतका हसला की त्याला धड उभं राहता येईना. बायपासनंतर पहिल्यांदा. मी टॉवेल घेऊन धावले आणि त्यात आधी माझेच डोळे पुसले.

तरी माझा निर्णय ठाम आहे. हे पत्र तुला मिळेपर्यंत त्याने राजीनामा दिलेला असेल.

तुझी,
नीलांबरी

ता. क. राजीनामा दिलेला नाही. त्याचे बूट मी पुसून ठेवलेत.

आणखी ता. क. नियम आणखी एक आहे: जो पाडतो, तोही पुढच्या वर्षी पाटावर बसतो. मी हो म्हणून बसले आहे. पण रांगेत तीच मुलं असणार, आणि मी त्या सगळ्यांची काकू. उल्हासचा नेम तुला माहीत आहे (तुझ्या लग्नात त्याच्या अक्षता भटजींच्या डोळ्यात गेल्या होत्या). तेव्हा पुढच्या जूनला तू ये. माझ्या नाकावर मारलास तसाच एक मार, आणि मला खाली उतरव.