जरा थांबा

सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क खिडकी असलेली खोली मिळाली! एमआरआय यंत्रं बनवणाऱ्यांची चाचणीशाळा आहे ही. काम अगदी माझ्या चिकित्सक स्वभावाला साजेसं. यंत्राच्या बोगद्याभोवती तारांची वेटोळी असतात, ती चुंबकाचं बळ सतत पालटत राहतात. हा पालट फार झपाट्याने झाला की आत झोपलेल्याच्या नसा दचकतात. आधी मुंग्या, मग झटका, पुढे कळ. म्हणून स्वयंसेवकाच्या हातात रबरी फुगा द्यायचा आणि वेग हळूहळू चढवायचा. जाणवलं की त्याने फुगा दाबायचा. त्याच्या बरंच खाली सुरक्षित मर्यादा आखायची, ती मी. बोलण्यात ताईच्या दुखऱ्या मणक्याचं निघालं, तर मर्यादा ठरली की पहिली तपासणी तिचीच करू, असं साहेब आपणहून म्हणाले. ताईला फोनवर सांगितलं, तर म्हणते, तू ठरवणार म्हणजे मी कुबडी होईस्तोवर काही ठरत नाही.

बुधवार
झाडून सगळे स्वयंसेवक म्हणतात, काहीच जाणवलं नाही. जुन्या यंत्रावर लोक ओरडले असते अशा वेगालाही! फुगा तपासला, नळी तपासली, दोन्ही ठणठणीत. चाचणी पुन्हा घ्या म्हटलं, तर साहेब म्हणाले, अहो बाई, चांगली बातमी पचत नाही का तुम्हाला? यंत्र चालवणाऱ्या पोराने तर माझं नावच पाडलंय. मी दारात दिसले की म्हणतो, आल्या 'जरा थांबा'. संताप होतो. मग वाटतं, मीच उगाच कीस पाडतेय का? नव्या जागी शहाणपण मिरवायची हौस तर नाही ना?

शुक्रवार
आज काचेला नाक लावून पाहिलं. आतल्या माणसाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. चेहरा मात्र शांत. बाहेर आल्यावर म्हणाला, काहीच जाणवलं नाही. मग रडलात का, विचारलं. त्याने गाल चाचपला आणि ओल्या बोटांकडे बघतच राहिला. साहेबांचं म्हणणं, आतल्या पंख्याने डोळे चुरचुरतात. शिवाय नियमात फक्त 'जाणवलं का' एवढंच विचारायचंय. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. उद्या मीच आत झोपणार.

शनिवार
झोपले. खांद्यातून कळ निघाली, ती बरगड्यांत शिरली. फुगा दाबला. दाबतच राहिले. ओरडले. पोरगा सांगतो, मी गप्प पडून होते, फुगा जरासुद्धा दबला नव्हता. आणि बाहेर येताच माझ्याच तोंडून निघालं, काहीच जाणवलं नाही. मी ते म्हणत नव्हते! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मर्यादा मंजूर केल्याचा कागद पुढे केला. उजव्या हाताने सही केली. हाताने. मी नाही.

रविवार
डाव्या हाताने लिहितेय. उजव्यात पेन धरलं की ते एकच वाक्य उतरतं. ताईला फोन केला, उद्या तपासणीला येऊ नकोस म्हणायला. तोंड म्हणालं, नक्की ये. मग डाव्या हाताने मेसेज केला: येऊ नकोस, जरा थांब. तिचं उत्तर आलं: आत्ता ये म्हणालीस, आता थांब. जन्मभर हेच केलंस बाई तू. मी येणार.
पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. मी कधीतरी पटकन 'हो' म्हणणारी असते तर—
डाव्या करंगळीत मुंग्या.

सोमवार
ताई आत आहे. फुगा तिच्या हातात. यंत्र सुरू.
तिचा गाल ओला—
मी म्हणतेय, जरा थांबा. पोरगा हसला. म्हणाला, आज चक्क 'चालू द्या' म्हणताय?
ही वहीच त्याच्यापुढे धरते.

बंद कर. हे वाच. बंद कर

म्हणतो, अक्षर लागत नाही, बाई.
लाल बटण माझ्या डाव्या हाताशीच आहे. पेन टाकते आणि—
सुटत नाही. बोटं उघडत ना—
ताई माझ्याकडे बघते

काहीच जाणव