तुझी नैरोबीची लेक

मम्मी, तुला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि आज इथे परदेशात, टार्निटच्या माझ्या किचनमध्ये उभी राहून मी तुझ्यावर चिडले आहे. पुन्हा लॉकडाऊन लागलाय. ऑफिस जेवणाच्या टेबलावर, फ्रिज गच्च भरलेला, आणि फोनवर नैरोबीहून तिचा व्हिडिओ आलाय. आपल्याकडे कपडे धुवायला यायची ती. तुझी लाडकी.

पप्पांची नोकरी नैरोबीला होती तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि ती जेमतेम एकोणीसची. सकाळी आपल्याकडचे कपडे, दुपारी पत्र्याच्या खोल्यांच्या तिच्या गल्लीच्या तोंडाशी कोळशाची शेगडी. राजमा आणि मका शिजायला तीन तास लागतात आणि कोळसा महाग, म्हणून त्या गल्लीत कुणी ते घरी शिजवतच नसे. ही सगळ्यांसाठी उकडायची, बाकीचे मगाने विकत न्यायचे आणि घरी कांदा-टोमॅटोवर परतायचे. पाणी एकाच्याच नळावरून, पिवळ्या कॅनमधून. इस्त्री एकाकडे, तिच्यावर अख्ख्या गल्लीचे शाळेचे कपडे. तुला त्याचं कोण कौतुक! दर शनिवारी तू तिथे उपड्या कॅनवर बसून हसत असायचीस. आपल्या किचनमध्ये तुला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. एका शनिवारी मी बाजूला उभी आहे, बुटांना चिखल लागू नये म्हणून पाय आखडून, आणि म्हणते, "मम्मी, चल ना, घाण वास येतोय." तू सगळ्यांसमोर ओरडतेस, "तुला भूक लागली की फ्रिज उघडतेस. ती भुकेली असली तरी आधी गल्लीला वाढते. गप उभी राहा." तिला मराठी कुठलं कळायला! तिने मलाच मगभर राजमा आणून दिला. मी तोंडसुद्धा लावलं नाही.

आणि परत यायच्या वेळी तू तिला आजीच्या लग्नातला मोठा टोप देऊन टाकलास. वसईहून बोटीने नेलेला, माझ्या लग्नात मला मिळायचा होता तो. मी रडले तर म्हणालीस, "तू कधी पन्नास माणसांचं रांधणार आहेस का?" खरं बोललीस, म्हणून अजून लागतं.

तर व्हिडिओ. बांधकामं बंद, रोजंदारीची माणसं घरी, आणि लोक राजमा घ्यायला यायचे नेमक्या त्याच वेळी संचारबंदी. म्हणून ती आता पहाटे शेगडी पेटवते आणि दुपारच्या आत सगळं वाटून मोकळी होते. मका जास्त, राजमा कमी, पण परत कुणाला पाठवत नाही. दाराशी नळ बसवलेला कॅन आहे, साबण जुन्या मोज्यात घालून बांधून ठेवलाय, कुणी नेऊ नये म्हणून. समोरचा शिंपी चिंध्यांचे मास्क शिवतो आणि मास्क देऊन तिच्याकडून मगभर राजमा नेतो. तिच्या थोरल्याचं काम सुटलंय, तिचे स्वतःचे गुडघे दुखतात. हाल आहेत तिचे, मला दिसतात. लाज वाटायला हवी, वाटतेही. पण त्याआधी पोटात दुखतं. त्या दोन मिनिटांत दहा-बारा जणांनी तिला हाक मारली. इथे शेजारचा मला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायच्या दिवशी दिसतो, "नो वरीज" म्हणतो आणि आत जातो. आजीच्या त्याच टोपात ती ढवळते तेव्हा डावा हात कमरेवर ठेवते आणि पळी काठावर दोनदा आपटते. ही ढब तुझी. मी सगळी पप्पांच्या वळणावर गेले. माझी लेक खांद्यावरून डोकावून म्हणाली, "Mum, who's she? She's so cool." मी म्हटलं, "कुणी नाही गं. कपडे धुवायला यायची."

सहा वर्षांपूर्वी तिने मला फेसबुकवर शोधून काढलं. पहिलाच प्रश्न, ममा कशी आहे? तिथे बाईला तिच्या पोराच्या नावाने हाक मारतात, अमक्याची ममा. गल्लीत सगळे तुला माझीच ममा म्हणत. फक्त ती नुसतं ममा म्हणायची. सांगणारच होते मी तिला. बोटांनी लिहिलं, "बरी आहे." तेव्हापासून दर नाताळात तू बरीच असतेस. करोना आल्यावर तिने बजावलं, म्हाताऱ्या माणसांना जपायला हवं, ममाला बाहेर सोडू नकोस. मी लिहिलं, "घरातच आहे."

तुझ्या अंत्यविधीला माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आलेल्यांना चहा मिळाला की नाही, तेच बघत होते. तिला कळलं, तर ती शेगडीपाशी बसून मोठ्याने रडेल आणि तिच्याबरोबर अख्खी गल्ली रडेल. ते मला सहन होणार नाही. एवढं तरी माझ्या एकटीचं राहू दे.

आज तिने विचारलंय, ममाला एकदा व्हिडिओवर दाखव ना, तिने टोप ओळखला का ते विचारायचंय. तुला लिहिलेलं हे कुठेच जाणार नाही. तिला मात्र उत्तर गेलं. ममा झोपली आहे, असं लिहिलं मी.