हिरव्या पुडीची तारीख

च्यायी, हिवाळी सणानंतरचा सोमवार

ती. च्याफूदादा यांस,

धाकट्या चिनश्वेईचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार. (डॉक्टरने वाकायला मनाई केली आहे, तेव्हा नमस्कारात जे कमी पडेल ते मनाने पुरं करून घ्यावं.) तुझी तब्येत कशी आहे? वहिनींचा गुडघा जिना चढतो का, की अजून तुलाच वर-खाली करायला लावतो? शिन्चूचा वारा यंदा कपडे वाळवतोय की शेजाऱ्यांच्या गच्चीवर पोचवतोय? इकडे सगळं क्षेम आहे. दुकानात स्कूटरी येतात, दुरुस्त होऊन जातात, आणि काही परत येतात. आमच्या सौभाग्यवतीची, यूलानची, सर्दी गेली, तिची बोलण्याची धार परत आली. आणि तुझी आत्या, म्हणजे आमची आई, ठणठणीत आहे आणि आता ऐंशीची झाली आहे.

हे शेवटचं वाक्य तुला साधं वाटेल. पण ते मला लिहिता यावं म्हणून केवढा घाम गळला ते सांगण्यासाठीच हे पत्र. वाढदिवस कधीही येवो, सणाचे थांगयुआन, ते पाकातले तांदळाच्या पिठाचे गोळे, पोटात गेल्याशिवाय आपल्याकडे माणसाचं वय वाढत नाही, हे तुला माहीत आहेच. आणि सूचिनताई समोर बसल्याशिवाय आई थांगयुआनला तोंड लावत नाही, हेही तुला माहीत आहे. ताई ब्राझीलला गेल्यापासून दर सणाला आई इकडे आपला वाडगा घेऊन संगणकासमोर बसते, ताई तिकडे तिचा घेऊन बसते, आणि दोघी एकदम पहिला घास घेतात. गेली कित्येक वर्षं आमच्या घरात वय वाढतं ते असं, समुद्राच्या दोन टोकांना एकाच वेळी.

तर यंदा सणाच्या थोडं आधी संगणकाने संप केला. म्हणजे चालू व्हायचा, पण ताईला फोन लावायला गेलं की पडद्यावर पाटी यायची, की हा संगणक फार जुना झाला आहे, यापुढे ही सोय त्यावर चालणार नाही. यूलानने ती पाटी मोठ्याने वाचली, तीही आईसमोर. आई म्हणाली, "जुना झाला म्हणजे? मी काय नवी आहे?" मी माझा मोबाईल पुढे केला. तिने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. म्हणाली, "यात माझी पोरगी कलिंगडाच्या बीएवढी दिसते. बी बघायला थांबले होय मी वर्षभर?" तिचे डोळे आता अधू झालेत, तिला मोठाच पडदा लागतो. म्हणून मी तुला फोन केला, आणि तू, एका शब्दाने कुरकुर न करता, नवी ऑपरेटिंग सिस्टीम पेन ड्राइव्हवर भरून पाठवलीस. दादा, त्याबद्दल तुझे किती आभार मानू? कोपऱ्यावरच्या चोवीस तासवाल्या दुकानातून मी ते पार्सल घरी आणलं तेव्हा वर वहिनींनी पाठवलेल्या तांदळाच्या शेवया होत्या आणि तळाशी, तुझ्या मोज्यात गुंडाळलेला, पेन ड्राइव्ह. (मोजा धुतलेला होता. यूलानने खात्री करून घेतली.) शेवया अप्रतिम होत्या. त्यांच्या बाबतीत काहीच अडचण आली नाही.

अडचण आली ती पुढे. मी पेन ड्राइव्ह संगणकाच्या डब्याला पुढून लावला, एवढ्यात आई आली आणि म्हणाली की जुन्या शरीरात नवा जीव घालायचा तर तो असा चहा पिता पिता घालतात का? तिने उदबत्ती लावली. मग फ्रिजच्या डोक्यावरची मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी काढली. (यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवतात ती. तू सगळा जन्म संगणकाच्या चिपच्या कारखान्यात काढलास, तिथे दर यंत्रावर ती असायची, तेव्हा तुला मी काय सांगणार. हिरवीच हवी, पिवळी चालत नाही, फोडायची नाही आणि खायची तर अजिबात नाही.) फ्रिजवरचीच का, तर तो फ्रिज आजवर कधी बिघडला नाही, म्हणजे पुडी गुणी आहे. डब्यावर ती टिकेना, घसरायची, म्हणून आईने माझ्या दुकानातली रुंद चिकटपट्टी घेऊन ती डब्याच्या पुढच्या अंगाला अशी पक्की बसवली की भूकंपातही हलली नसती. आणि बजावलं की काम तडीला जाईपर्यंत पुडीला कुणी हात लावायचा नाही.

मग मी बटण दाबलं. आता तुझी ती नवी सिस्टीम फार प्रश्न विचारते, दादा. भाषा कोणती, देश कोणता, पाटी वाचली का, पटली का. तिथवर मी निभावलं. पण मग तिने विचारलं की या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? (फोटो यूलानने आधीच दुसरीकडे उतरवले होते, पण तरी 'सगळं' हा शब्द वाचून माझा हात थांबला.) आई म्हणाली, असल्या गोष्टी माणसाने ठरवायच्या नसतात. तिने घरच्या भूमीदेवापुढे कौल लावला. कौलाच्या लाकडी फाका टाकल्या, तर दोन्ही सपाट बाजू वर करून पडल्या, म्हणजे देव हो-नाही काही न सांगता नुसता हसला. पुन्हा लावला, देव पुन्हा हसला. आता पडद्यावर दोनच बटणं होती, 'हो' आणि 'नाही', आणि देव हसला तर कुठलं दाबायचं याची सोय त्या सिस्टीम करणाऱ्यांनी ठेवलेली नाही. तुझ्या ओळखीत कुणी असेल तर त्यांच्या कानावर घाल. शेवटी यूलानने मागून हात घालून 'हो' दाबलं आणि म्हणाली, "देवाला हसायचं तेवढं हसू दे, मला भाजी टाकायची आहे."

पडद्यावरची पट्टी भरत गेली, भरत गेली, पूर्ण भरली. संगणक आपण होऊन बंद झाला, आपण होऊन सुरू झाला. आम्ही तिघं श्वास रोखून बघतोय, आणि पडद्यावर काय आलं? भाषा कोणती?

मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा सगळं केलं. पट्टी भरली, बंद झाला, सुरू झाला, भाषा कोणती. दादा, माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांत एक म्हातारेबुवा आहेत, तेही दर वेळी नाव विचारतात, पण ते निदान उत्तर ऐकल्यावर हसतात तरी. मग मी आपल्या विद्येवर आलो. स्कूटर सुरू होत नसेल तर एकतर पेट्रोल नाही, नाहीतर प्लग घाण झालाय. पेट्रोलचा प्रश्न नव्हता. म्हणून डब्याची मागची बाजू उघडली, दुकानातल्या कॉम्प्रेसरने आतली धूळ उडवली (ती सगळी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली, त्यावर यूलान काय म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही), वायरींची टोकं पॉलिश पेपरने घासली. डब्याला थोडी विश्रांतीही दिली, कारण गरम इंजिन कधीकधी थंड झाल्यावर ऐकतं. तेवढ्याने तो चकाचक झाला आणि पुन्हा भाषा विचारू लागला. आईचं म्हणणं की देव हसला होता ते याचसाठी. यूलानचं म्हणणं की नवरा हसण्यासारखा आहे हे कळायला तिला कौल लावावा लागला नव्हता.

असं करता करता सण उजाडला. यूलानने आल्याच्या पाकात थांगयुआन केले, लाल आणि पांढरे. मी सकाळपासून डब्यापुढे, तो सकाळपासून भाषेवर. संध्याकाळी, म्हणजे ताईकडे सकाळ होते तेव्हा, मी मागे वळून पाहिलं तर आई येऊन बसलेली. मोत्याच्या कुड्या घातलेल्या, केस विंचरलेले, मांडीवर वाडगा. पाक निवला होता. मी म्हटलं, आई, यंदा मोबाईलवरच बघ गं तिला. ती म्हणाली, "तुम्ही खाऊन घ्या. मी राहते एकोणऐंशीचीच. मला कुठं घाई आहे?" असं म्हणाली खरी, पण नजर पडद्यावरून काढेना. दादा, मला तिथंच रडू आलं. तिला एकच गोष्ट हवी होती, पोरीचा चेहरा मोठा दिसावा, आणि तेवढी मला देता येईना. पडद्यावरची पट्टी पुन्हा एकदा भरायला लावून मी उठून दुकानात गेलो आणि तुला फोन लावला.

आता पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुझी बाजूच ठाऊक आहे. मी तुला सगळं सांगितलं, धुळीसकट. मला वाटलं आता तू काहीतरी भयंकर इंजिनियरी विचारणार. आणि तू विचारलंस, "पुडी ठेवलीये का?" म्हटलं हो. "हिरवी?" म्हटलं हो. "तारीख बघितलीस?"

मी फोन तसाच घेऊन धावलो. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं दादा पुडीची तारीख विचारतोय. आईचा चेहरा पांढरा पडला. यूलानने चष्मा लावून वाचलं. दादा, पुडी केव्हाच शिळी होऊन गेली होती. फ्रिजवर तिचं आयुष्य संपलं, आणि आम्ही एका मेलेल्या पुडीकडून नव्या जीवाची राखण करवत होतो. आई उठली, वाडगा ठेवला, कुणाचं न ऐकता पट्टीचं टोक धरलं आणि खर्रकन सगळं ओढून काढलं. नेमका तेव्हाच तो डबा पुन्हा बंद होऊन सुरू होत होता. आणि या वेळी त्याने भाषा विचारली नाही. पडदा निळा झाला, आणि वर अक्षरं उमटली: 'नमस्कार'. आईने दोन्ही हात जोडून त्याला उलट नमस्कार केला.

यूलानने खटाखट पुढचं सगळं उरकलं, आणि थोड्या वेळात पडदाभर सूचिनताई. तिचं तिकडचं दुकान उघडायचं थांबवून बसली होती बिचारी, हातात वाडगा. आई तिला पहिलं काय म्हणाली असेल? "किती वाळलीस." ताई गेल्या वर्षीपेक्षा चांगली जाड झाली आहे. पण आईने पडद्यावर हात फिरवून पाहिला आणि आपलं म्हणणं मागे घेतलं नाही. मग दोघींनी एकदम घास घेतला. आईने पाक गरमसुद्धा करू दिला नाही. तुझ्या फोनशिवाय हे झालं नसतं, दादा. आमच्या घरात तुझं नाव आता भूमीदेवाच्या खालोखाल घेतलं जातं. सगळ्या गल्लीला आई सांगते की माझ्या भाच्याने शिन्चूत बसून पुडीची तारीख ओळखली.

वहिनींना नमस्कार. तुझ्या उपकारांच्या ओझ्याखाली (कंबर सांभाळून) वाकलेला,

चिनश्वेई

ता. क. एक गोष्ट पत्रात लिहायची नव्हती, पण तुझ्यापासून लपवत नाही. सगळे झोपल्यावर मी ती पुडी टाकायला उचलली, तर चिकटपट्टीला मागून तुझा पेन ड्राइव्ह चिकटलेला. पट्टी त्याच्यावरूनच गेली होती. आता आठवलं, तू पहिल्याच फोनवर सांगितलं होतंस, की एकदा बंद होऊन सुरू झाला की पेन ड्राइव्ह काढून घे, नाहीतर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. मी हो म्हणालो होतो. पण मग माझ्या डोळ्यासमोर पेन ड्राइव्ह राहिलाच नाही, डोळ्यासमोर पुडी होती. तू पुन्हा विचारलं नाहीस, कारण एवढं तर कुणीही करेल असं तुला वाटलं असणार. तो तुझा चांगुलपणा.

ता. क. २. तेव्हा खरी विनंती ही, की आईला यातलं काही कळू देऊ नकोस. आपल्याच पट्टीने पोरीची वाट अडली होती हे कळलं तर तिला फार लागेल. तिच्या ऐंशीच्या जेवणावळीला तू येणारच आहेस. आलास की सगळ्यांसमोर पुडीची तारीख बघ, गंभीर चेहऱ्याने मान हलव आणि जेवायला बस.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी पेन ड्राइव्ह आत घालावा म्हणून शोधला, तर मी लपवला होता त्या जुन्या प्लगच्या खणात नाही. सापडला भूमीदेवापुढे. लाल कागदात गुंडाळलेला, शेजारी एक संत्रं. आई म्हणाली, "त्याची माफी मागत होते. माझ्या पट्टीखाली गुदमरला होता बिचारा. ओढतानाच हाताला लागला होता मला." आणि मग हळू आवाजात म्हणाली, "पण च्याफूला लिहू नकोस हं. एवढा मोठा इंजिनियर, पुडीनेच झालं असं समजून बसलाय. त्याला फार लागेल." मी हो म्हणालो आहे. तेव्हा तू हे वाचलेलं नाहीस. आणि येताना नवी हिरवी पुडी आण, तारीख लांबची बघून. सूचिनताई विमानाचं तिकीट काढतेय, आणि आई म्हणते तिच्या विमानासाठी पुडी पट्टी न लावता नुसती ठेवू.